तिसरं कारण

काकूंच्या वहीत सात ब्रूनो आहेत.

वही म्हणजे किराणा दुकानदार उधारी लिहितात तसली, लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. नागपूरच्या इतवारीतून आणलेली. आत पट्टीनं रकाने पाडलेत: तारीख, नाव, वय, कुठून आला, औषधपाणी, कुठं दिला. आणि या सगळ्यांना कोपऱ्यात ढकलून जवळजवळ अर्धं पान अडवणारा एक रकाना, 'कारण'. सात ब्रूनोंची सरमिसळ होऊ नये म्हणून त्यांना आडनावं लागलीत. ब्रूनो बेसा, ब्रूनो कामठी, ब्रूनो गच्चीवाला, ब्रूनो कान (याचे कान कायम वाहायचे). ब्रूनोंच्या खालोखाल सिंबा आणि रॉकी. "लोकं कुत्र्यावर पंधरा हजार घालतात आणि नावाला पंधरा मिनिटं घालत नाहीत," असं काकूंचं म्हणणं.

आमचा ग्रुप फक्त लॅब्रॅडॉरचा. घरचे ज्यांना कंटाळले, ज्यांना कुणी रस्त्यावर सोडलं, पिल्लं विकणाऱ्यांना ज्यांचा उपयोग संपला, असे लॅब ताब्यात घ्यायचे, बरे करायचे, नसबंदीचं ऑपरेशन करायचं, नवं घर मिळेपर्यंत कुणाच्या तरी घरी ठेवायचे. या ठेवण्याला फॉस्टर म्हणतात आणि ठेवून घेणाऱ्या माणसालाही फॉस्टरच म्हणतात. ऑफिस नाही, पाटी नाही. येऊनजाऊन पंधरा-वीसजण. त्यातल्या कॉलेजच्या मुली परीक्षा आली की दिसेनाशा होतात, आणि ते बरोबरच आहे. गाडा ओढणारे मात्र तिघंच. काकू, दादा आणि डॉक्टर. काकू सरकारी नोकरीत हिशेब तपासून निवृत्त झाल्या. दादाचं स्पेअर पार्टचं दुकान आहे आणि मधली सीट काढून टाकलेली एक जुनी व्हॅन आहे. ग्रुपच्या दृष्टीनं त्याची ओळख व्हॅनपासून सुरू होते. डॉक्टर सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकले. ते कॉलेज 1958 पासूनचं, त्यामुळे विदर्भातले निम्मे गुरांचे डॉक्टर आपले सीनियर नाहीतर ज्युनियर असल्यासारखेच ते बोलतात.

मी यात पडले ती एका उरलेल्या गोणीमुळे. आमची माऊ (लॅबच, नाव मुलीनं ठेवलं, तेव्हा ती चार वर्षांची होती) तेराव्या वर्षी गेली आणि मागे खाण्याची अर्धी गोणी, सांधेदुखीच्या गोळ्यांची दोन पाकिटं आणि एक दोरी राहिली. टाकवत नव्हतं, बघवत नव्हतं. कुणीतरी काकूंचा नंबर दिला. त्या स्कूटीवर आल्या, गोणी पायाशी उभी केली, चहा घेतला, आणि जाता जाता विचारलं, "फोनवर बोलता येतं का तुला?"

"काकू, मी बावीस वर्षं शाळेत मराठी शिकवते आहे."

"मग कठीण आहे बाप्पा. शिकवणाऱ्यांना ऐकायची सवय नसते."

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू.

---

काम काय, तर फोन उचलायचा. ग्रुपचा एक वेगळा मोबाइल आहे, काकूंकडे असतो, आठवड्यातून दोन संध्याकाळी माझ्याकडे. फोन करणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "डॉग द्यायचा आहे." त्यानंतर कारण येतं. बदली झाली. घर बदलतो आहोत. बाळ होणार आहे. डॉक्टरांनी ॲलर्जी सांगितली. सोसायटीवाले त्रास देऊन राहिले. ॲलर्जीचं प्रमाण नागपुरात उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या की वाढतं, असं वहीवरून दिसतं. त्यावर कुणी शोधनिबंध लिहायला हरकत नाही.

वही पहिल्यांदा नीट उघडून पाहिली तेव्हा मला वाटलं, काकूंचं लिखाण अगदीच गचाळ आहे. कारणाच्या रकान्यात जिकडेतिकडे खोडाखोड. मग लक्षात आलं की खोडाखोड पद्धतशीर आहे. एक कारण लिहिलेलं, त्यावर एकच आडवी रेघ, वाचता येईल अशी. खाली दुसरं, त्यावरही रेघ. खाली तिसरं, त्यावर नाही.

"पहिलं कारण लोकं घरून ठरवून आणतात," काकूंनी सांगितलं. "दुसरं आपण विचारलं म्हणून देतात. दोन्ही लिहून घ्यायची. आणि गप्प बसायचं. तिसरं आपोआप येतं."

एक नोंद अशी आहे. 'ॲलर्जी', रेघ. 'फ्लॅट लहान पडतो', रेघ. खाली काकूंच्या बारीक अक्षरात: 'मिस्टर पिऊन आले की त्याला मारतात. मी मध्ये पडते.' दुसरी: 'अंगावर धावतो', रेघ. 'आईला झेपत नाही', रेघ. 'बाबा गेले. तो त्यांच्या खोलीच्या दारातून हलत नाही, आणि त्याला पाहून आई जेवत नाही.' तिसऱ्या एका नोंदीत मात्र एकच ओळ आहे, बिनरेघेची: 'केस गळतात.' मी विचारलं, याचं पुढचं कारण? "नव्हतं न. खरंच तेवढंच होतं. असते अशीही माणसं."

तिसऱ्या कारणानं फरक काय पडतो, असं मला सुरुवातीला वाटायचं. कुत्रं यायचंच आहे ना? पण जिथं नवरा मारतो तिथून ते त्याच रात्री काढावं लागतं, आणि दादा तिथं एकटा जात नाही, एखाद्या बाईला सोबत घेऊन जातो. बाबा गेलेल्या घरी गडबड करायची नसते. त्या लॅबला काकू दोन महिने नुसत्या संध्याकाळी फिरायला न्यायच्या. तिसऱ्या महिन्यात आईच म्हणाल्या, राहू द्या हो, आता सवय झाली मला त्याची. त्या नोंदीच्या शेवटच्या रकान्यात, 'कुठं दिला' याखाली, लिहिलंय: 'घरीच.' काकू सगळ्या वहीतलं एखादं पान कुणाला दाखवायचं झालं तर तेच दाखवतात.

---

'खूप खातो' हेही वहीत पुष्कळदा येतं. आणि ते खोटं नसतं. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिलं की साधारण दर चार लॅब्रॅडॉरांतल्या एकात पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो, आणि पोट भरल्याची खूण मेंदूला पोचवण्याच्या कामी तोच तुकडा लागतो. म्हणजे त्याला खादाड म्हणण्यात अर्थ नाही, बिचारं उपाशीच असतं. डॉक्टर हे प्रत्येक नव्या मालकाला समजावतात. मालक मान डोलावतात आणि घरी जाऊन त्याला पोळी देतात. मीही माऊला देत असे.

मूळची ही जात न्यूफाउंडलंडच्या थंडगार समुद्रावरची. कोळ्यांबरोबर होडीतून जायचं, गळावरून सुटलेला मासा आणि जाळ्याची दोरी तोंडात धरून आणायची. पुढे इंग्लंडात गेली आणि 1903 मध्ये तिथल्या केनेल क्लबच्या यादीत आली. अंगावर दुहेरी केस, आतला थर लोकरीसारखा दाट, पाणी कातडीपर्यंत जाऊच नये असा. आता हा प्राणी मे महिन्यात मानेवाड्यात आणून ठेवा. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू आहे, पारा पंचेचाळीसच्या वर, दुपारी एकनंतर रस्त्यावर चिटपाखरू नाही, गल्लीत फक्त कूलरचे आवाज. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गादीला, तोही नावापुरता. बाकी सगळं जिभेवर. धापा टाकून जेवढी उष्णता बाहेर जाईल तेवढी.

ब्रूनो गच्चीवाला मला तिथंच भेटला. शेजारच्या इमारतीतल्या मुलीनं फोटो पाठवला होता: सिमेंटची टाकी, टाकीची अर्धा हात सावली, सावलीत न मावणारं एक पिवळसर कुत्रं. मी आणि दादा निघालो. वाटेत मी त्या मालकाला काय काय बोलायचं याची मनात उजळणी करत होते; चांगली वाक्यं जुळली होती. दार एका गंजीफ्रॉकातल्या माणसानं उघडलं. आतून कूलरचा गार, ओल्या वाळ्याचा वास आला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दादा म्हणाला, "वा भाऊ, काय मस्त गार केली न खोली! कूलर कुठून बनवून घेतला?"

त्या माणसानं कूलरची माहिती सांगितली. मोटर किती पॉवरची, वाळा यंदा बदलला, पंप लोकल आहे पण चालते. दादानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वर तुमचा बच्चा आहे न, त्याले आणू का दोन मिनिटं खाली? मी धरतो, तुमची फरशी मी पुसून देतो." तो माणूस ओशाळला. "आणा न. मीच आणणार होतो. सकाळी घाण केली म्हणून वर बांधला होता."

वर गेलो तेव्हा कुत्रं उठलंच नाही. जीभ विटेच्या रंगाची, लाळ चिकट, तार निघत होती. दादानं खिशातून थर्मामीटर काढलं (त्याच्या खिशात थर्मामीटर आणि कटर कायम असतं): एकशे सात. कुत्र्याचं साधारण एकशे एक ते अडीच असतं, एकशे सहाच्या पुढे आतले अवयव शिजायला लागतात. हा शब्द डॉक्टरांचा. मी खाली पळत जाऊन फ्रिजमधून बर्फ आणला, तर दादा ओरडला, "बर्फ नको! साधं पाणी." थेट बर्फ लावायचा नाही, असं डॉक्टरांनी त्याला पढवलेलं. आम्ही चादरीच्या झोळीत घालून त्याला खाली आणलं, त्याच कूलरसमोर, त्याच मोझॅकच्या फरशीवर. पोटावर, मांड्यांच्या आत, काखेत, पंजांवर मगानं नळाचं पाणी. पाणी ओतत होता तो गंजीफ्रॉकवालाच. दर पाच मिनिटांनी थर्मामीटर. एकशे तीनवर आल्यावर दादानं पाणी थांबवलं, कारण त्याखाली आपणच नेलं तर ते पुढे आपोआप घसरत राहतं. सहा दिवस सलाइनवर राहून ब्रूनो वाचला. आणि त्या माणसानं, कुणी काही न म्हणता, तिसऱ्या दिवशी दवाखान्यात येऊन सांगितलं, "तुम्हीच ठेवा याला. मला नाही जमत."

व्हॅनमध्ये मी दादाला विचारलं, तुला राग नाही येत? तो गिअर टाकत म्हणाला, "येते न ताई. घरी जाऊन येते. तिथं आला असता तर त्यानं दार लावून घेतलं असतं, अन् कुत्रं वर."

---

हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं असूनही पुढच्याच महिन्यात मी जे केलं ते सांगायचं टाळत इथपर्यंत आले.

जूनचा पहिला आठवडा, शाळा उघडायच्या तयारीत दिवसभर कागद, वर पाऊस नाही. संध्याकाळी फोन माझ्याकडे होता. आवाज तरुण, वर्धा रोडकडचा कुठलातरी. रविवारी हैदराबादला शिफ्ट होतो आहोत, लॅब आहे, चार वर्षांचा, घेऊन जा. मी म्हटलं, "पिल्लू आणलं तेव्हा विचार नव्हता का केला?" तो गप्प. त्या गप्प बसण्यानं मला चेव आला. मी म्हटलं, आईवडील झाले की त्यांनाही असंच कुणाला फोन करून द्याल का. आणखीही बोलले. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला उभं करून बोलतात तशी बोलले, आणि वाक्यं छान जुळत होती, ते मला कळतही होतं. शेवटी तो म्हणाला, "सॉरी मॅडम." फोन कट.

दहा मिनिटांनी मी परत लावला. स्विच ऑफ. रात्री, दुसऱ्या दिवशी, सोमवारी. स्विच ऑफ.

दादा आणि मी चिंचभवनपासून जामठ्यापर्यंत आणि पुढे बुटीबोरीपर्यंत तीन दिवस फिरलो. प्रत्येक ढाब्यावर, पेट्रोल पंपावर, पंक्चरच्या टपरीवर विचारलं. लॅब सोडणारे लोक हमरस्ताच निवडतात. त्यांना वाटतं ढाब्यावर याला खायला मिळेल. एका टपरीवाल्यानं सांगितलं, काळं मोठं कुत्रं होतं रविवारी, गाड्यांच्या मागं पळून राहिलं होतं. पण तो काळा होता की पिवळा, हेच मी त्या मुलाला विचारलं नव्हतं. नावही नाही.

काकू मला एक शब्द बोलल्या नाहीत. वही काढली, तारीख टाकली. नाव: आडवी रेघ. वय: 4. कारण: 'शिफ्टिंग.' आणि त्याखाली दोन ओळी कोऱ्या सोडून पुढची नोंद सुरू केली. त्या दोन ओळी अजून तशाच आहेत.

कदाचित त्यानं नेलंही असेल हैदराबादला. कदाचित माझं बोलणं लागून त्याला लाज वाटली असेल आणि आज ते कुत्रं तिथं एसीत झोपत असेल. पहिले काही महिने मी हे रोज स्वतःला सांगायची.

---

प्राणी सोडून देणं हा गुन्हा आहे, हे खरंच. 1960 च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. पहिल्या गुन्ह्याला दंड कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. पन्नास रुपयांत नागपुरात एका माणसाचे तर्री-पोहे आणि चहा होतो. पिल्लं विकणाऱ्यांसाठी 2017 चे नियम आहेत: नोंदणी हवी, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, एका मादीची आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं घ्यायची नाहीत. वहीतली राणी, वय अंदाजे सहा, तिची वेतं कुणी मोजली असतील असं वाटत नाही. आचळं जमिनीला टेकलेली, एकात गाठ, पिंजऱ्याच्या जाळीवर बसून बसून पुढच्या पायांची बोटं फाकलेली. ज्यानं आणून दिली त्यानं कारण एकाच दमात सांगितलं: 'आता देत नाही.' पिल्लं. हीही बिनरेघेची ओळ.

म्हणून कुत्रं घ्यायला आलेल्यांना काकू पहिल्याच वाक्यात सांगतात, "ऑपरेशन झालेलं आहे बरं का." 'घरच्यांसाठी फीमेल पाहिजे' म्हणणाऱ्यांतले बरेचजण तिथंच "विचारून सांगतो" म्हणून जातात. उरलेल्यांच्या घरी आम्ही जातो. मनीषनगरात एकदा मी काकूंबरोबर गेले होते. उत्साही बाप, त्याहून उत्साही दोन मुलं, बाल्कनीला नवी जाळीसुद्धा लावलेली, सोसायटीनं आडकाठी केली तर दाखवायला प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या सूचनांची प्रत काढून ठेवलेली. मी मनातल्या मनात होकार देऊन मोकळी झाले. काकू स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होत्या. तिथं सून चहाचा ट्रे घेऊन उभी होती, एक शब्द बोललेली नव्हती. काकूंनी तिला विचारलं, "सकाळी सहाला कोण उठतं घरी?" सगळे हसले. ती हसली नाही. "मीच," म्हणाली.

खाली आल्यावर काकू म्हणाल्या, "नाही द्यायचा. घरात जी बोलत नाही तिच्याच गळ्यात कुत्रं पडते, अन् वर्षानं तिचाच फोन येते."

---

एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही. आमच्या इमारतीचा चौकीदार गल्लीतल्या चार गावठी कुत्र्यांना स्वतःच्या डब्यातलं घालतो. एकदा मी एका लॅबला डॉक्टरांकडे नेत होते, तेव्हा त्यानं सहज विचारलं, "मॅडम, याची जात चांगली म्हणून याला गाडी, न?"

मराठीत आपण बिनदिक्कत 'जातिवंत कुत्रा' म्हणतो. दीक्षाभूमी ज्या शहरात आहे तिथं राहून, बावीस वर्षं मराठी शिकवून, हा शब्द मी कधी कानानं ऐकला नव्हता. त्या दिवशी ऐकला. 2022 च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाच्या आमच्या सिव्हिल लाइन्समधल्या खंडपीठानं, भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायचं तर दत्तक घेऊन घरी न्या, असा आदेश दिला होता. पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टानं त्याला स्थगिती दिली. तेवढ्या दिवसांत हा चौकीदार अंधार पडल्यावर, पोळ्या खिशात लपवून, गल्लीच्या टोकाला जात होता. आम्हाला कुणी कधी अडवलं नाही. उलट लोक गाडीची काच खाली करून विचारतात, "अरे वा, किती गोड! प्युअर आहे का?"

काकूंना विचारलं, तर त्यांनी सरळ उत्तर दिलं. घरात वाढलेल्या लॅबला रस्ता माहीत नसतो. गाडी कळत नाही, टोळी कळत नाही, कुणी हाकललं तर तो शेपटी हलवत जवळ जातो. गावठ्याला निदान त्याची गल्ली असते. "अन् तीन माणसं आहोत आपण. सगळ्यांचं करायला गेलं की कुणाचंच नाही होत." हे पटतं. चौकीदाराचा प्रश्नही पटतो. काकूंच्या तोंडी मात्र मी 'जातिवंत' हा शब्द कधी ऐकलेला नाही. त्या 'लॅब' म्हणतात, आणि एरवी नुसतं 'लेकरू'.

फक्त लॅब हा नियम एकदाच मोडला. 2024 च्या मार्चमध्ये केंद्राचं पत्रक आलं, तेवीस जाती धोकादायक म्हणून बंद. महिन्याभरात कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द केलं, पण तोवर घाबरलेल्या लोकांनी रॉटवायलर सोडायला सुरुवात केली होती. दादानं दोन आणले. तिसऱ्याला काकूंनी नाही म्हटलं आणि त्या रात्री जेवल्या नाहीत. हे काकांनी मला नंतर सांगितलं.

काकांबद्दल थोडं. ते ग्रुपमध्ये नाहीत. कुत्र्यांविषयी त्यांना मी कधी प्रेमानं बोलताना ऐकलं नाही. पण गेली कित्येक वर्षं पहाटे साडेपाचला ते तांदळाच्या कणीचं आणि कोंबडीच्या पाय-मुंड्यांचं मोठं पातेलं चुलीवर ठेवतात, मागच्या अंगणात, आणि हाडं निवडून काढतात. एकेक. चष्मा नाकावर ओढून. शिजलेलं हाड तुटून घशात अडकतं म्हणून. हे काम त्यांना कुणी दिलेलं नाही आणि ते दुसऱ्या कुणाला करूही देत नाहीत. दादाची दोन स्थळं व्हॅनच्या वासावरून परत गेली, याची चेष्टा आम्ही त्याच्यादेखत करतो. डॉक्टरांचा धीर सुटतो तो एकाच ठिकाणी, गोचीडतापाच्या गोळ्या पाचव्या दिवशी बंद करणाऱ्यांवर. चार आठवड्यांचा कोर्स असतो. कुत्रं पाचव्या दिवशी उड्या मारायला लागतं, लोक गोळ्या थांबवतात, आणि महिन्यानं तेच कुत्रं नाकातून रक्त वाहत टेबलवर. तेव्हा ते ओरडतात. त्यांना परवानगी आहे. त्यांच्यापर्यंत कुत्रं पोचलेलं असतं.

---

यंदा काकूंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावून फोन आणि वही दोन्ही हातात दिलं. मी म्हटलं, काकू, दादाला द्या. "त्याले दुकान आहे," म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्हाला माहीत आहे माझ्या हातून काय झालंय. त्या वहीतलं ते पान उघडतील असं मला वाटलं. त्यांनी उघडलं नाही. पेनाचं टोपण बदलून नवं बसवलं, कारण जुनं सैल होतं, आणि म्हणाल्या, "फोन आला की पहिले विचारायचं, आज जेवला का तो? लोकांना बरं वाटते."

चौथ्या रात्री पावणेअकराला फोन वाजला. बाईचा आवाज, मागे टीव्ही.

"डॉग द्यायचा होता."

"आज जेवला का तो?"

ती जरा थांबली. "हो. म्हणजे, दुपारी."

"नाव काय त्याचं?"

"ब्रूनो."

मी वही पुढे ओढली. रंग विचारला. वय विचारलं. पिवळा, अडीच वर्षं, हुडकेश्वर. मग ती आपणहून म्हणाली, "आमच्याकडे जागाच नाही आहे हो." मी 'जागा नाही' असं लिहिलं. काही बोलले नाही. टीव्हीचा आवाज बंद झाला. "आणि मुलीची दहावी आहे यंदा. तो भुंकते खूप." मी पहिल्या ओळीवर रेघ मारली, खाली 'मुलीची दहावी' लिहिलं. दहावीची मुलगी आणि कुत्रं, यावर मला पुष्कळ बोलता आलं असतं. बावीस वर्षांचा अनुभव आहे.

पलीकडे दार लागल्याचा आवाज आला. ती दुसऱ्या खोलीत गेली असावी. मी दहावीवर रेघ मारली आणि खालच्या ओळीवर पेन टेकवून बसून राहिले.